विनोदाचा मालक

आमच्या धंद्यात चोरी एकच मानतात, दुसऱ्याचा विनोद उचलणं. बायको पळवली तर माणसं दोनेक महिने बोलत नाहीत. विनोद पळवला तर मयताला येत नाहीत. कार्लटन पिनकने त्या रविवारी जे केलं ते समजायला एवढं माहीत असलं की पुरे.

कार्लटन हडर्सफील्डचा, आईबाप जमैकाचे. यॉर्कशरमधल्या कोळसा खाणींच्या गावांत कामगारांचे क्लब असायचे, तिथे तो विनोद सांगायचा. मी त्याच क्लबांना विनोद लिहून पुरवायचो. पुढे वर्तमानपत्रांतून मोठ्या लोकांची टिंगल करून पोट भरलं, पण आमची गाठ तेव्हापासूनची. रविवारी दुपारचा रिवाज ठरलेला होता. बायका घरी भट्टीत मांस लावायच्या, पुरुष क्लबात बिअर घेऊन बसायचे, बिंगोचा, म्हणजे आकड्यांचा, खेळ व्हायचा, मग मटणाच्या तुकड्याची सोडत, आणि सोडत संपली की विनोदी नट. म्हणजे मटण न मिळालेल्या माणसांना हसवायचं काम. नट पडला तर कार्यक्रम-सचिव घंटा वाजवून त्याला मध्येच घरी पाठवी.

कार्लटनवर घंटा कधी वाजली नाही. त्याला कारण त्याची सुरुवात. सगळ्या हॉलमध्ये काळा माणूस तो एकटा. माइकपाशी येऊन तो घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "माफ करा मंडळी, उशीर झाला. थेट खाणीतून आलो. वरचं न्हाणीघर बंद होतं." समोर बसलेले सगळे रोज पाळी संपल्यावर काळेठिक्कर होऊन वर येणारे आणि त्याच न्हाणीघरात घासघासून गोरे होणारे. बिअर नाकातून यायची त्यांच्या. त्या एका वाक्यावर कार्लटनची कॅसेट निघाली, घर झालं, मुलं शिकली.

मी एकदा विचारलं, रोज रोज हेच का? तर म्हणाला, हॉलमध्ये कुणीतरी बोलणारच असतो, मग आपणच आधी बोलावं. दगड आपल्या हातात असला की डोक्यात बसत नाही.

खाणी बंद पडल्या, मागोमाग क्लब. हॅथरबी गावचा तेवढा तग धरून होता, तोही यंदा विकायला काढला. शेवटच्या रविवारी त्यांनी कार्लटनला बोलावलं, कारण त्याचा पहिला कार्यक्रम तिथलाच.

कार्लटनला त्या रविवारचं एकच अप्रूप होतं. त्याची नात थिया लीड्सला हाच धंदा करते, तळघरांतल्या छोट्या हॉलमध्ये, जिथे बिअर लहान असते आणि महाग. तिचा एकही कार्यक्रम त्याने चुकवला नव्हता. मागच्या रांगेत बसून यायचा. तिने मात्र त्याचा एकदाही पाहिला नव्हता. एकदा शेवटपर्यंत बस, एवढंच त्याचं मागणं.

थिया स्वयंपाकघरात येऊन बोलली तेव्हा मी तिथेच त्याच्या हातचा राजमा-भात खात होतो. येते म्हणाली, पण ते न्हाणीघर निघालं की उठून जाईन. कार्लटनने दगडाची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली.

"शाळेत पोहायचा तास असायचा," ती म्हणाली. "पाण्यात उतरायच्या आधी मुली मला सांगायच्या, तू जाऊन अंघोळ करून ये. त्यांतल्या एकीच्या घरी तुमची कॅसेट होती."

कार्लटनला हे ठाऊक नव्हतं. त्याने डाव पातेल्यात ठेवला.

"दगड तुमच्या हातात होता ना, आजोबा? मग माझ्या दप्तरात कसा आला?"

ती गेल्यावर त्याने मला विचारलं, न्हाणीघराशिवाय सुरुवात कशी करू? मी बिशपांच्या भाषणांनासुद्धा सुरुवाती लिहून दिल्यात. चार-पाच खरडल्या. त्याने वाचल्या, छान आहेत म्हणाला आणि घडी घालून खिशात ठेवल्या. पथ्याचा कागद ठेवतात तशा.

इकडे क्लबची कार्यक्रम-सचिव ग्लेनिस हिचा मला फोन. पूर्वी बायकांना तिथे मतही नव्हतं, आता घंटा तिच्या हातात. कमिटीने भिंतीवर पाटी लावली होती, कोणाच्याही भावना दुखावू नयेत. कार्लटनच्या बोलण्यात कुणाला दुखावणारं काही नाही ना, असं तिने विचारलं. ज्यांना दुखेल त्यांना विचारा, मी म्हणालो. ती म्हणाली, इथे तसं कुणी नाही, सगळे सभासदच आहेत. मग आवाज खाली आणून, हल्ली त्या लोकांना काय म्हणायचं असतं? कार्लटन म्हणा, मी सांगितलं.

रविवारी हॉल भरला. काठ्या, कुबड्या, चाकांच्या दोन खुर्च्या. थिया दाराजवळच्या खुर्चीवर, कोट मांडीवर घेऊन. सोडतीत मटण कुणाच्या तरी शाकाहारी सुनेला लागलं. मग कार्लटन आला, माइकपाशी थांबला आणि त्याने घड्याळ पाहिलं.

"माफ करा मंडळी, उशीर झाला."

म्हाताऱ्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले. थिया उठली, कोट हातावर टाकला.

कार्लटन थांबला. "पुढचं तुम्हाला पाठ आहे. पण ते माझं नाही. पहिल्या रविवारी मी इथे उभा राहिलो, तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तिकडून कुणीतरी ओरडलं, आधी खाणीवर जाऊन अंघोळ करून ये. हॉल असा हसला की माझ्याकडे त्याच्या तोडीचं काही नव्हतं. म्हणून तेच उचललं, उलटं करून घातलं आणि जन्मभर वापरलं. चोरीचा माल आहे तो. परवा कळलं, माझ्या नातीपर्यंत पोचला. आज क्लब बंद होतोय, तेव्हा ज्याचा त्याला परत द्यावा म्हटलं. ज्याचा असेल त्याने उभं राहावं."

कुणी हललं नाही. हसू सगळ्यांना आठवत होतं, ओरडणं कुणालाच नाही. काही जण भिंतीवरच्या पाटीकडे बघू लागले, जणू तिलाच ठाऊक असावं. ग्लेनिसचा हात घंटेवर गेला आणि तिथेच राहिला. कार्लटन माइकला न टेकता उभा होता. 

शेवटच्या टेबलाशी खुर्ची सरकली. आर्नल्ड सग्डन. छाती कोळशाच्या धुळीने गेलेली, प्राणवायूची नळी नाकाला. कार्यक्रम संपला की कार्लटनसाठी दर रविवारी बिअर आणायचा तो हाच.

"माझं आहे ते," आर्नल्ड म्हणाला. मग श्वास घेतला. "पण त्यात अजून एक शब्द होता. तू तो गाळलास."

काळ्या माणसाला शिवी म्हणून देतात तो शब्द मी इथे लिहीत नाही. संपादकाची भीती नाही. कार्लटनने तो कधी उच्चारला नव्हता, मी कोण?

"वाक्य लांबत होतं," कार्लटन म्हणाला.

कुणी हसलं नाही.

"गाळायला नको होतास, लेका." पुन्हा श्वास. "तू गाळलास म्हणून मला इतकी वर्षं वाटत राहिलं, मी नुसती थट्टाच केली. दे इकडे. घेतो परत."

एवढ्यात त्याचा दम संपला. टेबलाची कड धरून तो उभाच राहिला. खाली बसायचं कसं ते जमेना. त्याच्या सर्वांत जवळ थिया होती. ती गेली, खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्यांमागे लावली.

"बसा आता," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."

मागे नुसती भिंत होती, आणि पाटी.

हॉल हसला. आधी चारदोन जण, मग सगळे, आर्नल्डसुद्धा, नळी सावरत. कार्लटनने तोंड उघडलं नाही. दुसऱ्याच्या हशावर पाय ठेवायचा नाही, हाही धंद्याचा नियमच. हसू पार विरेपर्यंत तो थांबला. थिया आर्नल्डच्याच टेबलाशी बसली. कोट तिने अंगात घातला, पण बसली.

"सुरू करू?" त्याने विचारलं, आणि केलं.

परतताना गाडी थिया चालवत होती, मी मागे बसलो होतो.  वाटेत ती म्हणाली, "मधला भाग ढिलाय."

कार्लटनने मान हलवली. "आणि सुरुवात?"

"ती परत करता येणार नाही, आजोबा."

"नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने खिशातून माझे कागद काढले आणि मागे न बघता माझ्या हातात दिले.