नानांचं मनगट

आमचे नाना बोलले की ब्रह्मवाक्य. पिंप्राळ्यात त्यांचा तबल्याचा क्लास आहे आणि शिस्त एकच: पंजाच्या पाठीवर रुपया ठेवायचा, तिरकिट वाजवायचं, रुपया पडता कामा नये. मनगट हललं म्हणजे हात वाया गेला. त्यांच्या गुरूंनीही त्यांना हेच सांगितलं होतं.

कहकशाचा रुपया पडायचा. क्लासमधली सगळ्यात तयारीची मुलगी, पण पडू नये म्हणून हात इतका आवळायची की मनगट सुजलं, कणीक मळता येईना. मी नानांची मुलगी भूमिका, फिजिओथेरपिस्ट. तिचं मनगट बर्फाने शेकलं, विश्रांती दिली, सूज उतरली. माझा नानांवरचा राग काही उतरेना. त्यांनी तिला बजावलं होतं, येत्या रविवारी रुपया पडला तर क्लास बंद. मी समजवायला गेले, पण पिकतं तिथे विकत नाही.

आठवडाभर मला चैन नव्हतं. शनिवारी हालचाल नीट दिसावी म्हणून नानांच्या बोटांच्या पेरांवर, मनगटावर, कोपरावर माझ्या टिकल्या चिकटवल्या. नवरी सजवतेस का, म्हणून ते चिडले, पण भरधाव लयीत वाजवलं. मोबाइलवर टिपलेलं तेच मी संथ करून दाखवलं. प्रत्येक तिरकिटला मनगट कुलपातल्या किल्लीसारखं फिरत होतं. रुपया ठेवून ते स्वतः नेहमी सावकाशच वाजवायचे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

"हाऊ मना हात शे?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच, नाना."

"मंग मी बठ्ठासले चुकीचं शिकाडं का?"

सगळ्यांनाच चुकीचं शिकवलं, याला मला हो म्हणवेना. हात बरोबर शिकलाय, सांगणं तेवढं चुकलं, असं काहीतरी मी पुटपुटले.

रविवारी त्यांनी कहकशाला समोर बसवलं, रुपया दिला नाही. मनगट सैल सोड म्हणाले आणि दाखवायला स्वतः सुरुवात केली. नजर मात्र स्वतःच्याच मनगटावर. तिरकिट अडखळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळलं. जन्मात मी त्यांचा बोल चुकलेला ऐकला नव्हता.

"नाना, हाताकडे बघू नका."

"आते दखाई गयं ना, भूमिका," ते म्हणाले. एकदा दिसलेलं त्यांना विसरता येत नव्हतं. त्यांनी तबला कहकशाकडे सरकवला.

ती वाजवू लागली. मोकळं, स्वच्छ, न दुखता. पोरं माना डोलवू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. पण नाना दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसले होते.