मिनोरू नावाची हाक

चारुदत्तनं दाराबाहेरच्या रॅकवर एक बूट ठेवला, दुसरा काढायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"मिनोरू, अरे ये ना लवकर, पोळ्या गार होतायत!"

आतून सुलेखाचा आवाज आला होता. एका पायात बूट आणि एक हात लोखंडी जाळीच्या दाराला, अशा अवस्थेत तो काही क्षण तसाच थांबला. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजीबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. ह्याच्या कमरेत उसण भरली असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी फार सहानुभूतीनं मान हलवली. चारुदत्तनं दुसरा बूट काढला, बाजाराची पिशवी उचलली आणि तो आत गेला.

टेबलाशी तो जपानी मुलगा पाठ ताठ ठेवून बसला होता आणि सुलेखा त्याच्या ताटात तिसरी पोळी वाढत होती.

"आंटी, बास, बास."

'बास' हा त्याचा पहिला मराठी शब्द. सुलेखानंच शिकवलेला आणि सुलेखाच त्याला भीक घालत नसे. चौथी पोळी तव्यावर फुगत होती.

चार महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी श्रिया शिकायला मेलबर्नला गेली आणि सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या त्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली. खोली भाड्यानं द्यायची कल्पना सुलेखाची. जाहिरात तिनं टाकली, मेसेज तिनं वाचले, माणूसही तिनंच ठरवला. "जपानी मुलगा आहे, चोवीस वर्षांचा. इथेच इंडस्ट्रियल पार्कात नोकरी करतो. टापटीप असतात रे ते," एवढंच तिनं सांगितलं होतं. चारुदत्तची हरकत असायचं कारण नव्हतं. मग एका रविवारी तो मुलगा दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला, कमरेतून वाकला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. तेव्हापासून चारुदत्तला घरात धड बसवेना.

मुलाबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. तो बाथरूम पुसून बाहेर यायचा, स्वतःचा कप विसळायचा, लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांसाठी बटण दाबून धरायचा. त्रास होता तो हाकेचा. सुलेखा दिवसातून सात-आठ वेळा त्याला हाक मारायची, आणि तीही पेइंग गेस्टला मारतात तशी नव्हे. शेवटचा 'रू' ती लांबवायची, पुण्यातल्या बायका गॅलरीतून पोरांना खेळातून वर बोलावतात तसा. हाक मारली की खोलीचं दार उघडेपर्यंत मध्ये एक क्षण जायचा. त्या एका क्षणात, आतून कोण बाहेर येईल याची चारुदत्तला खात्री नसायची. छप्पन्न वर्षांचा माणूस, क्वालिटी कंट्रोलमध्ये हयात घालवलेला, आणि तो आपल्याच घरातल्या दाराकडे श्वास धरून बघत बसायचा. दार उघडून चष्मा लावलेला उंच मुलगा आला, की त्याला हायसं वाटायचं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटायची.

एकदा न राहवून त्यानं मुलाला त्याचा जन्मदिवस विचारला होता. नोव्हेंबर. चारुदत्तनं मनातल्या मनात बोटं मोजली. त्या दुसऱ्याचा ऑगस्ट होता.

"माझं नाव फार जुनं आहे, अंकल," मुलगा हसत म्हणाला होता. "आजोबांच्या पिढीतलं. ऑफिसात अजून एक मिनोरू आहेत, ते सत्तर वर्षांचे. माझ्या वयाचा मिनोरू मला आजवर एकही भेटला नाही."

"असेल एखादा," चारुदत्त बोलून गेला होता, आणि उठून त्यानं उगाचच पंख्याचा वेग वाढवला होता.

चोवीस वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी जपानमधल्या हामामात्सूला पाठवलं होतं. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. सुलेखाला सातवा महिना लागला न लागला तोच एका पहाटे धावपळ झाली, मुलगा झाला, आणि तासाभरात त्याला दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात हलवलं गेलं. सुलेखाला टाके, वर ताप. तिनं त्याला एकदाच पाहिलं, स्ट्रेचर दारातून जाताना. चारुदत्त रोज ट्रेननं जायचा, हिला बघायचा, मग त्याला बघायला जायचा.

पुण्याहून आईचा फोन आला होता. "बारसं होईपर्यंत नाव काढू नका रे बाबांनो," ती म्हणाली होती. "तोंडानं नाही, मनातसुद्धा नाही. बारा दिवस निघू देत. मग, बाळाला आत्या नाही म्हणून, तुझी मावशी नाव ठेवेल, मी घुगऱ्या करीन." सुलेखानं ते शब्दाशब्दानं पाळलं. ती 'बाळ' म्हणायची, नाहीतर नुसतं 'तो'.

पण त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सला बारशाचं काय माहीत? काचेच्या पेटीवर फक्त आईचं नाव लिहिलेलं होतं, ते तिला बघवेना. ती त्याला मिनोरू म्हणू लागली. चारुदत्तला तिनं सांगितलं, त्याच्या मोडक्या जपानीला झेपेल अशा बेतानं, की शेतात कणसात दाणा भरतो ना, तो शब्द आहे हा. हा लवकर आलाय, अजून भरायचाय, म्हणून. चारुदत्तनं तिला थांबवायला हवं होतं. त्यानं थांबवलं नाही. त्याला ते नाव आवडलं होतं.

नवव्या दिवशी सगळं संपलं. सुलेखाला घरी आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. दर ऑगस्टमध्ये एक दिवस सुलेखा जेवायची नाही. विचारलं तर म्हणायची, पोट बरं नाही.

आणि आता ती रोज, पोळी लाटता लाटता त्या नावानं हाक मारत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. हेच चारुदत्तला सहन होत नव्हतं.

बुधवारी लिफ्टपाशी त्यानं मुलाला गाठलं. नीस, कुणी भाची-पुतणी, येणार आहे इंडियाहून, खोली लागेल, महिनाअखेर दुसरीकडे सोय बघता येईल का. बोलताना त्याची नजर मुलाच्या बुटांवर होती. मुलानं कारण विचारलं नाही, वाद घातला नाही. तो फक्त वाकला. "तीन महिने खूप छान जेवलो, अंकल," असं म्हणाला.

रविवारी मुलगा मित्रांबरोबर पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेला. फ्लॅटमध्ये दोघंच होती. सुलेखा टेबलाशी मटार सोलत बसली होती. चारुदत्त पेपर उघडून बसला होता, पण एकाच पानावर.

"नीस कोण येतेय?" सुलेखानं विचारलं.

त्यानं पेपर खाली केला.

"मिनोरू माझ्याकडे खोकी मागत होता. अंकलची नीस येणार म्हणाला." तिनं एक शेंग फोडली. "तू एकुलता एक, चारू. नीस कुठून पैदा केलीस?"

खोटं बोलायचं तर निदान हिशेबात बसेल असं तरी बोलावं, एवढंही त्याला सुधरलं नव्हतं. माझ्या बाजूची नाही, तुझ्या बाजूची, असं काहीतरी तो म्हणू लागला आणि मध्येच थांबला.

"मला ते नाव ऐकवत नाही," तो म्हणाला.

"का?"

खालच्या व्हॉइड डेकवर, इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, कुणाचा तरी कार्यक्रम होता. खुर्च्या ओढल्याचे आवाज वर येत होते.

"हामामात्सूला फॉर्म भरायचे होते. आधी जन्माचा, मग... दुसरा. दोन्ही एकाच दिवशी. नावाचा रकाना होता. काउंटरवरचा माणूस चांगला होता. म्हणाला, रिकामा ठेवलात तरी चालतं. मला नाही ठेवता आला, सुलेखा. तुला न विचारता मी..."

"मिनोरू लिहिलंस," सुलेखा म्हणाली.

तिचे हात थांबले नव्हते. मटार भांड्यात पडत होते.

"इथल्या कायम रहिवासाचा, पीआरचा अर्ज भरताना मी जुनी फाइल काढली होती," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. त्यात ते दोन कागद होते. अक्षरं जपानी, वाचता येईनात, पण तारखा ओळखीच्या. नोव्हेनाला मी काम करायचे त्या क्लिनिकमध्ये एक जपानी बाई यायच्या, त्यांना दाखवले. वाचता वाचता त्या उभ्या राहिल्या आणि मला वाकून नमस्कार केला त्यांनी. मग नाव सांगितलं."

"अकरा वर्षं," चारुदत्त म्हणाला. "बोलली नाहीस."

"तू बोलशील म्हणून."

त्यानं पेपरची घडी घातली, परत उलगडली.

"खोलीसाठी छत्तीस मेसेज आले होते," सुलेखा म्हणाली. "त्यात मराठी मुलीसुद्धा होत्या, शाकाहारी, ओळखीतल्या. मी हाच का घेतला, विचारलंस एकदा तरी? तीन महिने तुझं तोंड बघतेय. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. तू गेलास आणि त्या पोराला घराबाहेर काढलंस."

"मी सांगतो त्याला. राहू दे त्याला. आत्ताच मेसेज करतो."

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्याला खोली मिळालीय, ऑफिसच्या आणखी जवळ. मला तो मुलगा नको होता रे. त्याची आई आहे तिकडे, रोज व्हिडिओ कॉल करते, चांगली बाई आहे. मला हाक मारायची होती." आता तिचे हात थांबले. "नाव तुझ्याकडे होतं. तू ते लिहिलंस, फाइलला लावलंस, चोवीस वर्षं जवळ ठेवलंस. मी कुणाला हाक मारायची, 'बाळ' म्हणून? श्रियाला 'बाळ' म्हणायला लागले तेव्हा तेवढंही गेलं."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. चारुदत्तला वाटलं, इथेच थांबावं. जेवढं तिला कळलंय तेवढंच पुरे आहे, ते तिनं पचवलंय, अकरा वर्षं घेऊन पचवलंय. उरलेलं आपल्याबरोबर गेलं तरी कुणाचं काही अडणार नाही. आणि तरीही तो बोलला, कारण ती मटाराच्या ढिगाकडे बघत बसली होती आणि तिला त्याच्याकडून अजून कशाचीही अपेक्षा उरलेली दिसत नव्हती.

"आई काय म्हणाली होती, आठवतं? बारशाआधी नाव काढायचं नाही."

"आठवतं."

"ती नर्स म्हणायची ते वेगळं. ती परकी. मी एक अक्षर काढलं नव्हतं, तुझी शपथ. पण आठव्या दिवशी... आठव्या दिवशी तो जरा बरा दिसत होता. रंग आला होता. तिनं पेटीचं ते गोल झाकण उघडून दिलं, हात आत घाला म्हणाली. त्यानं माझं बोट धरलं. मला राहवलं नाही. मी हाक मारली त्याला. मी, सुलेखा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी..."

इंजिनिअर माणूस, ह्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारा. आईचा फोन झाल्यावर सुलेखाला हसून 'काय एकेक खुळं' म्हणणारा. पण त्या सकाळपासून एकही दिवस असा गेला नव्हता की ज्या दिवशी त्यानं ती हाक परत घेतली नव्हती. बारावा दिवस यायला चारच दिवस उरले होते. चार दिवस त्याला तोंड मिटून बसता आलं नव्हतं.

जे ऐकायला लागेल म्हणून तो इतकी वर्षं घाबरत आला होता, त्याची तो वाट बघत बसला.

"कशी मारलीस?" ती म्हणाली.

"काय?"

"हाक. कशी मारलीस त्याला?"

"म्हणजे... नावानं."

"मारून दाखव."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिनं मटाराचं भांडं बाजूला सारलं होतं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. स्ट्रेचर दारातून गेलं त्या दिवशी असाच चेहरा होता तिचा. कुणीतरी सांगावं, काहीही सांगावं, असा.

"मिनोरू," चारुदत्त म्हणाला.

"एवढ्या हळू?"

"तिथे मोठ्यानं बोलायचं नव्हतं. पाटी होती."

"मग त्याला कसं ऐकू जाणार?" सुलेखा म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं. "इथे पाटी नाहीये, चारू. मोठ्यानं मार. 'रू' लांबव जरा."

चारुदत्त उठून उभा राहिला. बसून ते जमलं नसतं. त्यानं घसा खाकरला, टेबलाची कड धरली आणि भर दुपारी, त्या रिकाम्या घरात, पोराला खेळातून वर बोलवावं तशी, जिन्यापर्यंत जाईल अशी हाक मारली.

हाकेला ओ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दोघंही गप्प राहिली.