आबासाहेबांकडचा बस्ता

तिसगावच्या बाजारपेठेत बजरंगशेठच्या कापड दुकानाचा वरचा हॉल फक्त बस्त्यासाठी राखलेला होता. तीस फूट लांब गादी, तिच्यावर पांढरी चादर, तिन्ही भिंतींना कपाटं. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी जीप भरून यायची, दिवसभर गादीवर बसायची आणि नवरीच्या शालूपासून चुलत आत्याच्या मानपानापर्यंत सगळ्या साड्या एका बैठकीत निवडायची. चहा दुकानाचा, दुपारचं जेवणही दुकानाचं. संध्याकाळी सगळ्या साड्या एका कापडात बांधल्या की बस्ता झाला.

पाच वर्षांपूर्वी या हॉलमध्ये चार सेल्समन होते. सतरा नोव्हेंबरच्या सोमवारी एकच उरला होता. अमजद शेख, वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षं. त्याच सकाळी दुकान उघडताना बजरंगशेठने त्याला सरळ सांगितलं.

"भाई, ते पार्सलवाले परत येऊन गेले. परदेशी कंपनीचं काम हाय. सगळ्या पट्ट्यातली पार्सलं इथून वाटायची म्हणतात. त्यांना वरचा हॉल पायजे. पुढच्या सोमवारी सही मागत्यात."

"तुमी काय म्हणालात?"

"थांबा म्हणालो. आज आबासाहेबांकडचा बस्ता हाय. चाळीसच्या वर साड्या. तो उचलला तर हॉल उन्हाळ्यापर्यंत ठेवतो, तुमी हाय तसे राहा. न्हाई तर मला न्हाई झेपायचं. मागची तीन लग्नं इथं बसली, जेवली, बस्ता न बांधताच उठली आणि मोबाईलवर घेऊन मोकळी झाली."

"हा बस्ता मी बांधतो," अमजदभाई म्हणाला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या की पाथर्डीच्या या पट्ट्यात गावंच्या गावं रिकामी होतात. बाजाराला मग लग्नांचाच आधार. आबासाहेब जवळच्याच वाडीचे, कांदा आणि बाजरी करणारे. सव्वादहाला दोन जीप आल्या. एकीत आबासाहेब, त्यांची बायको कडूबाई, नवरी निकिता आणि भावकी. दुसरीत खर्ड्याची मंडळी, नवऱ्या मुलाची आई लंकाबाई त्यांच्या पुढे. एकूण बावीस माणसं.

साडी घडीत कळत नाही, अंगावर कळते. म्हणून बस्त्याचा सेल्समन साडी स्वतःच नेसून दाखवतो. शर्टपँटवरच अमजदभाई कमरेला दोरी बांधायचा, बोटांनी भराभर निऱ्या घालायचा, पदर खांद्यावर टाकून वळायचा. एक साडी चाळीस सेकंदांत. त्या दिवशी त्याने दीडशेच्या आसपास साड्या नेसल्या आणि सोडल्या.

"भाई, ही तुमालाच माझ्यापेक्षा जास्त शोभतीय," लंकाबाई म्हणाल्या.

"मावशी, मला शोभून काय उपेग? असा घरी गेलो तर रजिया दार न्हाई उघडायची."

गादी हसली. कडूबाईंनाही हसू आलं. तोवर त्या विहिणीच्या चेहऱ्याकडे बघत अंग चोरून बसल्या होत्या.

खरं काम नेसून दाखवण्याच्या पलीकडचं होतं. मुलीकडच्यांनी मुलाकडच्या बायकांना मान द्यायचा असतो. कुणाला आधी, कुणाला काय, कुणाच्या शेजारी कुणाची साडी उघडायची, यावरून सोयरिकी आंबतात. लंकाबाईंच्या थोरल्या जावेला बारा वर्षांपूर्वीच्या एका लग्नात फिकी साडी मिळाली आणि ती पंगतीतून उठून गेली, हे अमजदभाईला माहीत होतं. तोही बस्ता त्यानेच बांधला होता. त्याने आधी जावेला विचारलं, मग लंकाबाईंना. दोघींना एकाच किमतीतल्या, पण वेगळ्या काठांच्या साड्या दिल्या, म्हणजे तुलनाच नको. कडूबाईंनी मनातून हात जोडले.

निकिता मोबाईल घेऊन समोर बसली होती. पुण्यात बारावीनंतरचा कसलासा कोर्स केलेली, बोलायला गोड.

"भाई, ही जांभळी परत नेसा ना. पदर हळू टाका. पुण्याच्या मामीला पाठवते."

त्याने हळू टाकला. तीनदा टाकला. बाजूला वळून, पाठमोरा होऊन, निऱ्या हाताने पसरवून.

साडेपाचला त्रेचाळीस साड्या ठरल्या. प्रत्येकीवर त्याने नावाची चिठ्ठी टाचली: थोरली आत्या, जाऊ, करवली, कासार मावशी. निकिताने चिठ्ठ्यांसकट प्रत्येक साडीचा फोटो घेतला. "घोळ नको व्हायला," ती म्हणाली. अमजदभाईला ते शहाणपणाचं वाटलं. शालूला कुंकू लागलं होतं म्हणून तेवढा शालू सोबत नेला.

"बाकीचा बस्ता गुरुवारी टेम्पो घेऊन येतो तवा उचलू," आबासाहेब म्हणाले.

बांधलेल्या बस्त्यावरून कुणी मागे फिरत नाही, हा त्या बाजाराचा अनुभव होता. बजरंगशेठने मान हलवली. अमजदभाईने गाठ मारली.

गुरुवारी कुणी आलं नाही. शुक्रवारी आबासाहेबांनी फोन उचलला नाही. शनिवारी उचलला, "जरा कामात हाय" म्हणाले आणि ठेवला.

शनिवारी संध्याकाळी रजियाने अमजदभाईपुढे मोबाईल धरला. तिच्या भाचीने पाठवलं होतं. त्याच परदेशी कंपनीच्या ॲपवर एक जांभळी साडी विकायला होती आणि तिच्याखाली एका ग्राहकाने टाकलेला व्हिडिओ. "अंगावर अशी बसते, सुंदर पदर, जरूर घ्या." व्हिडिओत खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा एक माणूस साडी नेसत होता. पदर हळू टाकत होता. एकोणीसशे लोकांना तो उपयोगी वाटला होता.

"हे तुमीच ना?" रजियाने विचारलं. "हात तुमचेच हायेत. डोकं कुठं गेलं?"

त्याने कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. आठ मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एक मुलगी आली आणि तिने ऑर्डर नंबर मागितला. मी काही घेतलेलं नाही, तो म्हणाला. मग तक्रार नोंदवता येणार नाही, ती म्हणाली; तक्रार माल घेणाऱ्याची असते. मी घेणारा नाही, मी त्या व्हिडिओत आहे, त्याने सांगितलं. तिने पुन्हा ऑर्डर नंबर मागितला.

रविवारी सकाळी तो मोटरसायकलवरून आबासाहेबांच्या वस्तीवर गेला. ओसरीत पुठ्ठ्याची खोकी रचली होती. काही फोडलेली, काही बंद. फोडलेल्या साड्यांवर चिठ्ठ्या होत्या. थोरली आत्या. जाऊ. करवली. कासार मावशी. अक्षर निकिताचं, क्रम त्याचा.

आबासाहेबांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"भाई, साडीमागं अडीचशे-तीनशे वाचत हुते," ते म्हणाले. "आमी काय चोरी केली का? तुमच्यासमोर बोलायला लाज वाटली, एवढंच."

"माल कुठूनबी घ्या आबासाहेब. निवडायला बसलात कुणाच्या गादीवर? कुणाला काय द्यायचं, हे त्या कंपनीनं सांगितलं व्हय तुमाला?"

"माझा कांदा घेताना व्यापारी माझा इचार करतो का?"

"न्हाई करत. तवा तुमाला कसं वाटतं?"

कडूबाई आतून पाणी घेऊन आल्या. त्यांच्या खांद्यावर एक साडी होती, जांभळी.

"भाई, आता आलाच हाय तर," त्या खाली बघत म्हणाल्या, "ही जरा निकिताला चापूनचोपून कशी नेसायची ते दावा. पदर पुरंना झालाय. लंकाबाई लई बारीक बघतात हो. ही त्यांनाच द्यायचीय, निकिताच नेसवंल त्यांना."

सव्वीस वर्षांत त्याला एवढा राग आला नव्हता. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि साडी हातात घेतली. कोपरापासून बोटापर्यंतच्या मापाने भरली. ब्लाउजपीस धरून पाच मीटर. काठ विणलेला नव्हता, छापलेला होता.

"निकिता, मोबाईल काढ," तो म्हणाला. "त्या दिवशी काढलास तसाच व्हिडिओ काढ. या वेळी तोंडासकट."

निकिताने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. तिने मोबाईल धरला.

अमजदभाईने ओसरीत उभं राहून ती साडी नेसली. निऱ्या सात याव्यात त्या चार आल्या. पदर टाकला तो कोपरापर्यंतही गेला नाही. मग त्याने मोबाईलकडे पाहिलं.

"मी अमजद शेख, तिसगाव. बजरंगशेठच्या दुकानात कामाला. आधीच्या व्हिडिओतला माणूस मीच हाय. त्यात नेसलेली साडी आमच्या दुकानातली हाय, या कंपनीची न्हाई. कंपनीची ही हाय. बघून घ्या." त्याने पदर दोन्ही हातांनी ताणून धरला. "टाक आता."

निकिताने टाकला. दहा मिनिटांत कंपनीचं उत्तर आलं. व्हिडिओत दुसऱ्या दुकानाचं नाव असल्यामुळे तो नियमात बसत नाही.

"दुकानाचं नाव काप. माझं राहू दे."

तिने कापलं, पुन्हा टाकला. पुन्हा उत्तर आलं. व्हिडिओत व्यक्तीची ओळख आहे, म्हणून नियमात बसत नाही.

"म्हंजी माझे हात चालतात," अमजदभाई म्हणाला. "मी न्हाई चालत."

मग निकिता हळूच म्हणाली, "भाई, पहिला मी काढून टाकते. मला वाटलं, तुमचा चेहरा नाही तर काय बिघडतंय. टाकला की पुढच्या खरेदीला सूट मिळते." तिने तो काढला. पान पुन्हा उघडलं तर तोच व्हिडिओ साडीच्या फोटोंमध्ये होता, विकणाऱ्याने स्वतः लावलेला. "हा माझा नाहीये आता. हा मला निघत नाही."

आबासाहेब उठून जवळ आले. "भाई, दहा-बारा साड्या मी उद्या दुकानातून नेतो. विहिणीची, जावंची... मानाच्या तेवढ्या."

"दहा-बारानं हॉल राहत न्हाई," तो म्हणाला. "पण न्या. विहिणीला ही देऊ नका. त्यांचा काही गुन्हा न्हाई."

सोमवारी अकरा वाजता पार्सल कंपनीचा माणूस कागद घेऊन दुकानात बसला होता. बजरंगशेठने पेन हातात घेतलं नव्हतं. अमजदभाई जिना चढून वर गेला नाही, गल्ल्यापाशीच थांबला.

"बस्ता?" शेठने विचारलं.

"झाला."

"कुठंय मग?"

अमजदभाईने मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला. जांभळी साडी, हळू पडणारा पदर, मागे पांढरी चादर आणि कपाटांची रांग. "हा बघा. आपल्याच गादीवर झालाय. जेवणबी आपलंच हुतं."

बजरंगशेठने व्हिडिओ दोनदा पाहिला. पार्सलवाल्याने मान लांब करून पाहिला. "हा चांगला चालतोय," तो म्हणाला. "ही साडी या पट्ट्यात रोज पाच-सहा तरी जाते. आता तुमच्याच हॉलमधून जाईल."

शेठने मोबाईल परत केला आणि पेन उचललं. मग सही केली. दुसरं काही करण्यासारखं त्यांच्या हातात नव्हतं आणि तिथं असलेल्या तिघांनाही ते माहीत होतं.

"भाईंना ठेवून घ्या तुमच्याकडं," ते कागद सरकवत म्हणाले. "सगळ्या गावांची घरं माहीत हायेत त्यांना."

"पत्ते मोबाईल दाखवतो," पार्सलवाला म्हणाला. "पण उचलायला माणूस लागेलच. तुम्ही येताय का?"

"न्हाई," अमजदभाई म्हणाला. "माझे हात तुमच्याकडं आधीच कामाला हायेत. त्यांचा पगार कुणाकडं मागायचा, तेवढं सांगा."

पार्सलवाला हसला. विनोद आहे असं त्याला वाटलं. मग दोघांपैकी कुणीच हसत नाही हे बघून त्याने कागद पिशवीत घातले, आणि हॉलची लांबी-रुंदी घ्यायला वर गेला.