वासाचा रकाना

धाकटीने तीन काळे ग्लास टेबलावर जवळजवळ आपटलेच. पहिल्यातला फेस काठावरून ओघळून लाकडावर उतरला, तरी तिने फडकं घेतलं नाही.

"घे. चॉकलेट आणि मिरची. दोन ग्लासांत एकच बियर आहे, एकात वेगळी. वेगळी कुठली, ते सांग."

"माझी परीक्षा घेतेस?" दादाने पेनाचं टोपण काढत विचारलं.

"आठ महिने तू माझी घेतोयस."

सकाळचे अकरा वाजले होते. पोट रिकामं आणि जीभ ताजी असताना चाखायचं, हा दादाचाच नियम. बियरचा हा छोटा कारखानाही त्याचाच, आणि धाकटी बियर बनवायला शिकली तीही त्याच्याच हाताखाली. त्याने चाखून हो म्हटल्याशिवाय एक थेंब पिंपात जात नसे. आठ महिन्यांत त्याने तिच्या चार बियर नापास केल्या होत्या, आणि चारही टाक्यांचे नळ तिला स्वतःच्या हाताने गटारात सोडावे लागले होते. तेव्हापासून बहीणभावांत विस्तव जात नव्हता. आज पाचवी. हीही ओतावी लागली तर ती कायमची जाणार होती. राजीनामा घडी घालून ऍप्रनच्या खिशात ठेवलेला होता.

दादा आपली बियर धड चाखतसुद्धा नाही, नुसतं नाव वाचून नाक मुरडतो, अशी तिची खात्री होती. म्हणून तिसऱ्या ग्लासात तिने मागच्या वर्षीची शिळी बियर ओतली होती, तेवढीच मिरची मुरवून. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारत होती ती. ही ओळखली नाही की वहिनीसमोर त्याचं पितळ उघडं पडणार होतं. वहिनी खिडकीशी बाटल्यांना लेबलं लावत बसली होती. ती कुणाचीच बाजू घेत नसे, आणि धाकटीला त्याचाही राग होता.

दादाने पहिला घोट घेतला आणि थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने लगेच दुसरा घोट घेतला, मग तिसरा. नंतर दुसरा ग्लास. तिसरा उचलला तेव्हा धाकटीने श्वास रोखला. तो तिसराही घटाघट प्यायला आणि तळाशी घोटभर ठेवून त्याने बाहीने डोळे पुसले. तो चक्क हसत होता.

"तिन्ही एकच आहेत. मला फसवायला बघतेस. पण बियर झकास आहे. भर पिंपात."

"तिसरीपण झकास?"

"एकच आहेत म्हटलं ना!"

वहिनी उठली. तिने तिसरा ग्लास नाकाशी नेला, कुणाकडे न बघता मोरीत ओतला आणि दोनदा विसळला.

"मागे ताप आला होता ना, त्यात त्यांना वास येणंच बंद झालं," ती नळाकडे बघतच म्हणाली. "आठ महिने झाले. सांगू नको म्हणाले होते."

"तू गप्प बस!" दादा ओरडला.

धाकटी दादाकडे वळली.

"म्हणजे माझ्या चारही..."

"माझ्या बियर मला पाठ आहेत. तुझ्या काय पाठ होत्या? एखादी खराब निघाली असती तर नाव कुणाचं गेलं असतं?"

"म्हणून चांगल्या ओतायला लावल्यास?"

"चांगल्या होत्या हे मला कसं कळणार?" त्याचा आवाज चिरकला. "काहीही प्यायलं तरी पाणी. आज पहिल्यांदा जिभेला काहीतरी चावलं."

तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला. चॉकलेट आधी येतं, मिरची मागून. तिच्या बियरचा अर्धा भाग त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दादाने चाखण्याची वही तिच्याकडे सरकवली. एरवी ती कपाटात कुलपात असायची.

"वासाचं यापुढे तू लिही."

तिने वही उघडली, पण आजचं पान सोडून ती मागे गेली. तिच्या पहिल्या बियरचं पान सापडलं. रंग लिहिलेला होता, फेस लिहिलेला होता. वासाचा रकाना कोरा होता आणि खाली लाल शाईत एकच शब्द, 'ओतणे'. तिने वही फिरवून त्याच्यापुढे ठेवली.

"आधी हे. संत्र्याची साल आणि जायफळ. लिही."

"आता काय उपयोग? गटारात गेली ती."

"लिही."

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती पुन्हा लेबलांकडे वळली होती. धाकटी तशीच उभी राहिली, एक हात ऍप्रनच्या खिशात. कागद तिने बाहेर काढला नाही आणि फाडलाही नाही. दादाने पेन उचललं, कोऱ्या रकान्यात हळूहळू काहीतरी लिहिलं आणि वही मिटू लागला.

तिने पानावर हात ठेवला.

"जायफळ राहिलं."