पांढरे टाके

अर्धी वाटी व्हिनेगर.

जळक्या केसांचा वास.

पिंगळीहून सांबप्पांचा तिसरा फोन.

एक धागा किड्याच्या तोंडातला. एक बोंडातला.

रविवारी लग्न.

परभणीत धम्मशीला साड्या रंगवून देते. सांबप्पांनी तिच्याकडं आपल्या लिंगैक्य होऊन गेलेल्या बायकोची, गंगम्माची, मोतिया रेशमी साडी आणून दिली होती. नात शिवकन्या लग्नात तीच नेसणार होती, फक्त डाळिंबी करून. ‘एकच हाय ती. जप, पोरी,’ एवढंच म्हातारे म्हणाले होते.

धम्मशीलानं पदराचा धागा जाळून पाहिला. केस जळल्यागत वास आला, म्हणजे अस्सल रेशीम. तिनं गरम पाण्यात रंग कालवला, वर व्हिनेगर ओतलं. आंबट पाण्यात रेशमाला जणू हात फुटतात आणि ते रंगाला घट्ट धरून बसतात. तासाभरात पाणी निवळलं. सगळा रंग साडीनं पिऊन टाकला. तिनं साडी वाळत घातली.

साडीभर पांढऱ्या रेघा. कुठं बोटभर, कुठं वीतभर, कुठं नुसती जाळी. रफूचे टाके होते, सुती दोऱ्याचे. मोतिया रंगात इतकी वर्षं ते कुणाला दिसले नव्हते. कापसाला आंबट पाण्यातला रंग धरता येत नाही. त्याला मीठ अन् सोडा लागतो, आणि कढत सोड्यात घातलं तर रेशमाची रयाच जाते.

दुपारी सांबप्पा नातीला घेऊन आले.

“अप्पा, माझं चुकलं. एकच धागा बघितला मी. सगळी साडी उलटून बघायची होती.”

सांबप्पांनी चष्मा पुसला. “हे काय लिवलंय?”

“लिहिलं न्हाई, शिवलंय. आज्जींनी.”

“गंगीनं? येडी का काय तू? साऱ्या पाहुण्यांत सांगत आलो मी, चाळीस वर्सं नेसली, पर साडी कुठं उसवली बी न्हाई!”

“अठ्ठावीस ठिकाणी फाटलीय, अप्पा.”

म्हातारे टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. निऱ्यांच्या तळाशी, जिथं जोडवी अडकतात, तिथं टाके दाट होते.

“बारीक ब्रशनं एकेक टाका रंगवून देते,” धम्मशीला घाईनं म्हणाली. “रविवारच्या आत होतंय. कुणाला कळायचं न्हाई.”

“तिनं लपवलं. आता तूबी लपवायलीस व्हय?”

शिवकन्यानं साडी उचलली, खांद्यावर टाकली आणि आरशासमोर उभी राहिली. “राहू दे, ताई. आज्जीनं नक्षी काढलीय म्हणून सांगते सगळ्यांला.”

“खोटं कशाला सांगतीस?” सांबप्पा खेकसले. मग खाली बघत म्हणाले, “रफू हाय म्हण.”

सुती दोऱ्याची रिळं दर वेळी सांबप्पांनीच बाजारातून आणून दिली होती. कशाला हवीत, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.