तीन हात सरकलेला दगड

मित्रांनो, मी आसेगावच्या शिवारातला एक जुना दगड आहे. शेंदूर फासलेला दगड नव्हे. माझ्यापुढे कोणी नारळ फोडत नाही. मी हद्दीचा दगड. एका बाजूला हेमसिंगचं वावर, दुसऱ्या बाजूला पंचफुलाबाईचं आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे गवताच्या बांधावर, मी. माझं काम एकच, जागेवरून न हलणं. तुम्हाला ते सोपं वाटेल. मलाही वाटायचं.

पाथरवटानं मला खाणीतून काढलं, चारी बाजूंनी तासलं आणि डोक्यावर छिन्नीनं फुली कोरली. सरकारी मोजणीच्या वेळी मला कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार होता, पण एका पुरात तो नाल्यात वाहून गेला. तेव्हापासून सगळी भिस्त माझ्यावर. ती वर्षं मात्र चांगली होती. हेमसिंगचे वडील सोमला माझ्या कडेवर विळा घासायचे आणि म्हणायचे, "हा गोटा आहे म्हून आपलं भांडन नाही." दोन्ही घरच्या भाकरी माझ्या डोक्यावर सुटायच्या. एवढा मान मला पुरेसा होता.

पुढे सोमला गेले, पंचफुलाबाईचा नवरा गेला आणि तिचा मुलगा अश्वजित पुण्याला कंपनीत लागला. वावरात ती एकटी उरली. त्याच उन्हाळ्यात हेमसिंगनं भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरट केली, आणि भरदुपारी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून मला उपटलं. तीन हात पलीकडे, पंचफुलाबाईच्या जमिनीत नेऊन पुन्हा पुरलं. तीन हात म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीनची तीन तासं, म्हणजे तीन ओळी. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

पंचफुलाबाई पेरणीआधी आली आणि थबकली. "हेमसिंग, गोटा सरकला वाटते रे."

"नाही काकू, तिथंच आहे. ट्रॅक्टरचा धक्का लागला असन जरासा."

तिनं आपल्या कडुलिंबापासून माझ्यापर्यंत पावलं मोजली. दरवर्षी चाळीस भरायची, ती सदतीस भरली. तिथूनच तिनं मुलाला फोन लावला. अश्वजित हसला. "माय, वय झालं तुह्यं. पावलं लहान-मोठी पडतात. गोटा काय चालते?"

त्यानंतर ती माझ्याबद्दल बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊ लागली. निंदणाच्या बायकांना विचारायची, "मी घराले कुलूप लावलं होतं ना? मले आजकाल भुलल्यावानी होते." शंभरदा केलेली गोष्ट ती पुन्हा तपासून पाहायची. जमीन गेली त्याहून मला हे फार लागलं, कारण त्या खोट्याचा पुरावा म्हणून मीच तिथं उभा होतो.

दोन वर्षांनी हेमसिंगची बायको निता आजारी पडली. मंगरूळपीरचे पास्टर बबनराव मोटारसायकलवर हेमसिंगच्या तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, येऊन तिच्यासाठी प्रार्थना करायचे. निता बरी झाली आणि दोघं येशूच्या मार्गाला लागली. हेमसिंग खरोखर बदलला, हे मला कबूल केलं पाहिजे. दारू सुटली, शिव्या सुटल्या, बैलांच्या पाठीवरची तुतारी, म्हणजे टोचायची काठी, थांबली. रोज सकाळी तो वावरात येऊन गुडघे टेकायचा. टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दोन्ही कोपरं माझ्या डोक्यावर ठेवायचा.

"प्रभू, माही सारी पापं माफ कर. माहीत असलेली, माहीत नसलेली."

माहीत असलेलं पाप त्याच्या कोपराखालीच होतं. तो रडायचा, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग डोळे पुसून तो कामाला लागायचा. अशी तीन वर्षं गेली.

यंदा पेरणीच्या तोंडावर त्यानं पास्टरना वावरावर प्रार्थनेला बोलावलं. बबनराव म्हणाले, "हेमसिंगभाऊ, चारी कोपऱ्यांवर उभं राहू. जिथवर तुमचं आहे तिथवर आशीर्वाद मागू."

तीन कोपरे झाले. प्रत्येक ठिकाणी हेमसिंग खणखणीत आमेन म्हणाला. चौथा कोपरा माझा. वीसेक पावलांवर पंचफुलाबाई वाकून धसकटं वेचत होती. बबनरावांनी माझ्यावर हात ठेवून सुरुवात केली, "प्रभू, हे जे तू हेमसिंगभाऊले देलं..."

"पास्टर, थांबा." हेमसिंग म्हणाला. "हे त्यानं नाही देलं. हे म्या घेतलं."

आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. नितानं त्याची बाही ओढली. "गप राहा न! रविवारी उभं राहून साक्ष देता तुमी. तांडा काय म्हनन?"

बबनरावांनी माझ्यावरचा हात काढला. "याची माफी मागतली कधी?"

"रोज मागतो. याच गोट्यावर."

"देव ऐकते, भाऊ. पन वावर तुमी देवाचं नाही घेतलं, काकूचं घेतलं. मनानं वळले, आता पायानं वळा. लोकाईत लाज जाईन, तरी तो तुमाले सोडनार नाही. एवढा विश्वास ठेवा."

ती वीस पावलं चालायला हेमसिंगला फार वेळ लागला. दोनदा तो थांबला. तो मागे फिरतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

"काकू," तो म्हणाला, "गोटा म्या सरकवला होता. तीन हात. धक्का-बिक्का काही नव्हता लागला. म्या खोटं बोललो."

पंचफुलाबाईच्या हातातली धसकटं खाली पडली. ती मातीतच बसली. आता ती शिव्याशाप देणार, असं मला वाटलं.

"म्हंजे चाळीसच होती?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"मी येडी नव्हती झाली?"

हेमसिंग रडू लागला. ती रडली नाही. "रडू नोको. अश्वजितले फोन लाव. मले सांगतलं ते त्याले सांग."

निता मधे पडली. "काकू, पोराले कायले आता..."

"काहून? तुह्या नवऱ्याची लाज पाच मिनिटांत जाईन. माही पाच वर्सं गेली."

हेमसिंगनं फोन लावला. स्पीकर चालू ठेवून, एक शब्द न गाळता सांगितलं. मग अश्वजित म्हणाला, "मायजवळ द्या फोन." फोन कानाशी धरून ती दूर कडेला गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

त्याच दुपारी सब्बल आली. पास्टरांनी बाह्या सारल्या, हेमसिंगनं खड्डा खणला. पंचफुलाबाई कडुलिंबापासून चाळीस पावलं मोजून तिथं कमरेवर हात ठेवून उभी होती. "आनखी वीतभर इकडं," ती म्हणाली, आणि त्यांनी मला वीतभर इकडं घेतलं.

तिनं त्याला माफ केलं का? ते तिनं अजून सांगितलेलं नाही, आणि हेमसिंगनंही घाई केलेली नाही. पुढच्या रविवारी त्यानं तांड्यावर उभं राहून हीच साक्ष दिली. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. पंचफुलाबाई मात्र आता कुलपाबद्दल कोणाला विचारत नाही.

मित्रांनो, मला रंग नको, फूल नको. माझ्याभोवतीचं गवत तेवढं काढत जा आणि नांगर वळवताना मला सांभाळा. तुमच्याही हातून कधी कोणाचं काही सरकलं असेल, तर देवापुढे गुडघे जरूर टेका. पण तिथंच राहू नका. उठा, आणि त्या माणसाकडे चालत जा. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.