तिसऱ्या पानाचं भोक

आत्याच्या तोंडातून खरी गोष्ट बाहेर पडताना वाटेत तिला चार शेपट्या फुटतात, असं तिची वहिनी म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं. आत्याच्या बागेत एकदा म्हणे इतकं लांब गांडूळ निघालं की त्याचं डोकं नळाखाली भिजायचं आणि शेपूट फाटकापाशी कोरडं. पाणी आलंय ही बातमी शेपटापर्यंत पोचायला दोन दिवस लागायचे. तिच्या भोपळ्यात पोस्टमन दुपारची डुलकी काढायचा, आणि लोक पाकिटावर भोपळ्याचा पत्ता घालायचे. मुलं हसून हसून मातीत लोळायची.

वाचनालयाच्या मागे एक लांबट जागा होती. तिथे या दोघी नणंद-भावजया मुलांची बागशाळा चालवायच्या. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटली की बारा मुलं यायची. वहिनीचा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलेला, मुलं तिला बाई म्हणायची. मोजणं, तक्ता, वह्या हे तिचं खातं. आत्याचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला, पण हात असा की वाळकी काठी खोचली तरी पालवी फुटावी. माती, पाणी, खत आणि थापा हे तिचं खातं. बागेत खोडरबराला बंदी होती. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि बाईंचा एकच मंत्र: डोळ्यांना दिसलं तेच वहीत.

त्या वेळी प्रयोग चालला होता खारट पाण्याचा. प्रत्येक मुलानं बी पेरून टोमॅटोची दोन रोपं केली होती, कागदी कपात. एकाला गोडं पाणी, एकाला मिठाचं. रोज मापायचं आणि लिहायचं. पालकांना बोलावून तक्ता दाखवायचा दिवस ठरला होता.

मधे लागून चार सुट्ट्या आल्या आणि वहिनी लेकीकडे निघाली.

"वन्सं, किल्ली तुमच्याकडे. गोड्या पाण्याच्या रांगेला रोज चार चमचे. विसरायचं नाही."

"अहो वहिनी, मी श्वास घ्यायला विसरेन, पण पाणी घालायला नाही."

पहिल्या दिवशी घातलं. दुसऱ्या दिवशी आत्याची बालमैत्रीण पत्त्यांचा जोड घेऊन टपकली. आत्या जिंकत होती. आणि जिंकत असताना पत्ते टाकून उठणारा माणूस अजून जन्माला यायचाय. संध्याकाळी घालू म्हणता म्हणता उद्या घालू झालं, उद्याचं परवा झालं. चौथ्या दिवशी दुपारी ती बागेत गेली, तर उन्हानं कपातली माती बिस्किटासारखी झालेली. खारट पाण्याची रांग मेली होती, ती मरायचीच होती. पण गोड्या पाण्याची रांगही तशीच माना टाकून पडलेली. दोन्ही रांगा शेजारी शेजारी, बारा आणि बारा, कोण कशानं गेलं ते ओळखू येईना.

आत्या मटकन पालथ्या बादलीवर बसली. मग पाणी ओतून बघितलं, सावलीत ठेवून बघितलं, पानं कुरवाळून "उठा रे माझ्या राजांनो" म्हणून बघितलं. राजे काही उठले नाहीत.

खरं सांगायचं तर तेव्हाच वहिनीला फोन करायचा. पण तिच्या डोळ्यांपुढे बारा मुलांची तोंडं आली. ती मुलं त्या कपांशी बोलायची, त्यांना शुभ रात्री म्हणून जायची. आणि तोंडांच्या मागे वहिनीचं तोंड आलं, ते जरा जास्तच मोठं होतं. आत्या उठली आणि तडक नर्सरीत गेली.

"टोमॅटोची बारा रोपं. अशी," तिनं बोटानं उंची दाखवली, "फार गुटगुटीत नकोत."

नर्सरीवाला बघतच राहिला. "मावशी, गिऱ्हाईक गुटगुटीत मागतं."

"मला जरा अशक्त हवीत."

त्याच्याकडे अशक्त नव्हती. मिळाली ती आणून तिनं कपात लावली, वरून आपली माती दाबली, मेलेली खतखड्ड्यात ढकलली. हात धुताना मनाशी म्हणाली, मीठ घातलं की रोप मरतं आणि नाही घातलं की जगतं, हे काही खोटं नाही ना? मग झालं तर.

दुसऱ्या दिवशी मुलं आली आणि बागेत एकच कल्ला. "बाई, माझं बारा सेंटिमीटर!" "माझं तेरा!" वहिनीचा चेहरा दिव्यासारखा उजळला. भिंतीवरच्या तक्त्यावर हिरवी रेघ जिन्यासारखी चढली.

एकच मुलगी गप्प होती. नऊ वर्षांची, पाठ ताठ, भांग सरळ, बोलणं त्याहून सरळ. मुलं तिला काटकोन म्हणायची. ती कपाभोवती दोनदा फिरली, वहीचं मागचं पान उघडलं, परत कपाकडे बघितलं.

"बाई, हे माझं रोप नाही."

"तुझाच कप आहे की. नाव आहे त्यावर."

"कप माझा आहे. रोप माझं नाही. माझ्या तिसऱ्या पानाला भोक होतं. मी चित्र काढलंय. याला कुठेच भोक नाही."

आत्याच्या हातातली झारी उगाचच शेवग्याच्या बुंध्याला पाणी घालू लागली.

"पान गळलं असेल," वहिनी म्हणाली.

"गळलं असतं तर पानं कमी झाली असती. पाचाची सात झालीत."

"चार दिवसांत फुटतात नवीन."

"आणि खोड जांभळं होतं माझं. हे हिरवं आहे."

बाकीची मुलं खिदळायला लागली. "हिचं रोप भुतानं बदललं!" "काटकोनचं डोकं तिरकं झालं!" वहिनीचा वेळ जात होता, अजून नऊ मापं राहिली होती. ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "हे बघ बाळा, वहीत दिसलं ते लिहायचं, मनातलं नाही. गोष्टी रचायला आपल्याकडे आत्या आहे."

सगळे हसले. आत्याही हसली.

त्या रात्रीपासून आत्याला अन्न गोड लागेना. मैत्रीण पत्ते घेऊन आली तर डोकं दुखतंय म्हणून तिला दारातूनच परत पाठवली. डोकं दुखत नव्हतं. दुखत होतं ते कुठे, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

पुढच्या वेळी मुलं आली तेव्हा ती मुद्दाम काटकोनच्या बाकाजवळ घुटमळली. मुलीनं पट्टी लावली, आकडा बघितला, आणि शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावली.

"तू किती लिहिलंस?"

"चौदा."

हिनंही चौदा लिहिलं.

आत्या वाकली. "अगं, तुझं साडेबारा आहे की. ही बघ, पट्टी काय म्हणतेय?"

"सगळ्यांचं चौदा आहे."

"सगळ्यांचं असू दे. तुला काय दिसतंय?"

मुलीनं मान वर केली नाही. "माझं बघणं चुकतं, आत्या. बाई म्हणाल्या." मग हळूच विचारलं, "तुझ्याकडे खोडरबर आहे? ते भोकाचं चित्र मला पुसायचंय. सगळे हसतात."

आत्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला कान धरून नळाखाली उभं केलंय. बारा रोपं मारली तेव्हा इतकं लागलं नव्हतं. रोपं परत उगवतात. हे पोर आत्तापर्यंत मुंगीचे पाय मोजत होतं, तिला बरोबर सहा दिसायचे. तिचे डोळे आपण बिघडवून ठेवले. आणि तेही रमीच्या तीन डावांसाठी.

मुलं गेल्यावर ती वहिनीपाशी गेली. वहिनी तक्त्यावर पुसट रेघ ठळक करत होती.

"वहिनी, जरा बोलायचं होतं."

"बोला ना. बघा कशी रेघ आलीय! तीस वर्षं शिकवलं, इतका सुरेख निकाल कधी मिळाला नाही हो. पालक बघतच राहतील."

आत्यानं तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून काय बाहेर पडावं? "एकदा एका माणसाच्या टोमॅटोला शिडी लावून चढावं लागायचं..." वहिनी हसली, "पुरे हो वन्सं," म्हणाली. आत्या घरी आली आणि तिनं स्वतःला अशा अशा शिव्या दिल्या की खिडकीवरचं कबूतर उडून गेलं.

पालक यायच्या आदल्या दिवशी मुलं कप पुसून रांगेत मांडत होती. आत्या बादली पालथी करून त्यावर उभी राहिली. बसून बोललं असतं तर पुन्हा शेपटी फुटली असती.

"सगळ्यांनी ऐका. ही रोपं तुमची नाहीत. तुमची मेली. मला सुट्टीत पाणी घालायचं होतं, मी तीन दिवस पत्ते खेळत बसले. ही नर्सरीतून आणून लावलीयत."

हास्याचा असा स्फोट झाला की वाचनालयातून शू: शू: ऐकू आलं.

"आत्या, पुढे सांग ना! पत्त्यातला राजा बाहेर आला का?"

"आणि नर्सरीत त्या गांडुळाचं शेपूट भेटलं का?"

वहिनीसुद्धा हसत म्हणाली, "वन्सं, आज नको हो. कामं पडलीयत."

आत्या बादलीवर तशीच. तिला रडू यायला लागलं. आयुष्यभर लांडगा आला म्हणून नाचले, आता खरंच आला तर गावजेवण समजतायत. "शप्पथ घेते," ती म्हणाली, तर मुलं आणखी हसली, कारण भोपळ्याच्या वेळीही तिनं शपथ घेतली होती.

काटकोन हसत नव्हती. ती पुढे आली. बादलीसमोर उभी राहून म्हणाली, "मग दाखव."

"काय दाखवू, बाळा?"

"नर्सरीतलं आहे हे. कसं कळणार?"

आत्याला नर्सरीवाल्याच्या टोपल्या आठवल्या. "मुळाशी बघ. तिथे मातीत लावत नाहीत. नारळाच्या शेंड्यांचा भुसा असतो, त्याचा बुचासारखा गठ्ठा. आपण नुसत्या मातीत पेरलं होतं."

"अहो, उद्या पालक यायचेत!" वहिनी ओरडली. "उपटायचं नाही!"

मुलीचा हात कपावर थांबला. तिनं बाईंकडे बघितलं, मग आत्याकडे. आत्या बादलीवरून उतरली, आपल्या हातानं चमचा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "उपट. बाई मला ओरडतील."

मुलीनं चमच्यानं कडेकडेनं माती सोडवली, रोप बाहेर काढलं आणि नळाच्या बारीक धारेखाली धरलं. काळी माती वाहून गेली. आत अंगठ्याएवढा तपकिरी गठ्ठा राहिला, तंतू तंतू सुटलेला, पिळला तर पाणी सोडणारा. तिनं तो नाकाशी नेला. बागेतल्या मातीचा वास त्याला नव्हता.

हसणं कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्यानं आपलं काढलं, तिसरीनं काढलं. बारा कप, बारा गठ्ठे. एका मुलाला रडू फुटलं, त्यानं रोपाचं नाव बंड्या ठेवलं होतं आणि दोन आठवडे तो भलत्याच बंड्याशी बोलत होता.

वहिनी बाकावर बसली. बाराही गठ्ठे तिनं एकेक करून हातात घेतले. आत्याला तो वेळ तिच्या शिव्यांपेक्षा जड गेला. मग वहिनी उठली, तक्त्यापाशी गेली, हिरव्या जिन्यावर आरपार एक रेघ मारली आणि काटकोनपुढे येऊन गुडघे वाकवून बसली, सांधे कुरकुरले तरी.

"तू बरोबर बघितलं होतंस. मी बघितलंच नाही, नुसतं ओरडले. चुकलं माझं."

मुलीनं मान हलवली. मग आत्याकडे वळली. "माझं कुठे टाकलंस?"

"खतखड्ड्यात."

सगळे तिकडे गेले. काटकीनं उकरलं, पण साल, पानं, माती सगळं एक झालेलं, कुणाचं काय ते ओळखू येईना. "नाहीये," मुलगी म्हणाली. आणि मग, पहिल्यांदाच, तिचा ताठ खांदा जरा खाली आला.

"मला माफ कर गं," आत्या म्हणाली.

"तुला माहीत होतं ना? बाई मला बोलल्या तेव्हा?"

"होतं."

"आणि तू हसलीस."

"हसले."

मुलीनं माफ केलं नाही, आणि आत्यानं पुन्हा माफी मागितलीही नाही. मागून मिळणारी ती वस्तू नव्हती.

दुसऱ्या दिवशी पालक आले. भिंतीवर रेघ मारलेला तक्ता, टेबलावर बारा गठ्ठे, आणि काय झालं ते आत्यानं उभं राहून सांगितलं, एकही शेपूट न जोडता. एका वडिलांनी तोंड वाकडं केलं, एका आजीला झोप लागली. सोमवारी मुलांनी नव्यानं बी पेरलं.

अंकुर आले तेव्हाची गोष्ट. आत्या सकाळीच पाणी घालून गेली होती. दुपारी काटकोन आली, दप्तर खांद्यावरच.

"घातलं पाणी," आत्या म्हणाली. "प्रत्येकाला चार चमचे. देवाशप्पथ."

"बघू," मुलगी म्हणाली, आणि आत्याच्या तोंडाकडे न बघता पहिल्या कपात बोट खुपसलं. काढून निरखलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तिसऱ्यापाशी थांबून म्हणाली, "हा कोरडा आहे."

आत्यानं वाकून बघितलं. खरंच कोरडा होता. आत्या झारी आणायला गेली, आणि मुलगी चौथ्या कपाकडे सरकली.